गडद हॉल हवाय? मग आधी एक संध्याकाळ ट्यूबलाईट बंद करून बसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कुठल्या घराला आहे ते बाकीच्यांनाही कळेल. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर टू बीएचके. हॉल साधारण 11 बाय 17 फूट, एका टोकाला पश्चिमेची गॅलरी, दुसऱ्या टोकाला मुख्य दार. बिल्डरने घातलेली हस्तिदंती चकचकीत फरशी. तुम्हा दोघांना गडद बाटलीहिरवा हॉल हवाय. पेंटर म्हणतो, ‘एकच भिंत हायलाइट करा, बाकी ऑफव्हाइट ठेवा.’ आणि 72 वर्षांच्या आई म्हणतात, ‘घराची पांडवलेणी करायचीय का?’ तुम्ही विचारलंय, हिरवा कोणता घ्यायचा, खोली लहान आणि गरम वाटेल का, आणि आईंना पटवायचं कसं.

22 वर्षं नाशकात घरं सजवतेय, त्यावरून सांगते. तुमच्या प्रश्नात रंग तिसऱ्या नंबरला येतो. पहिले दिवे, दुसरी फरशी. हिरवा कुठला, हे शेवटच्या आठवड्यात ठरवलं तरी चालतं. दिव्यांचे पॉइंट मात्र भिंतीला लांबी (पुट्टी) भरायच्या आधी ठरावे लागतात, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

हे मी चुकून शिकले. 2014 साली कॉलेज रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा चारही भिंती कोळशासारख्या करड्या केल्या. रंग झकास होता. पण फॉल्स सीलिंग आधीच झालेलं, त्यात रांगेने 14 डाउनलाइट (छतात बसवलेले, खाली प्रकाश टाकणारे दिवे), सगळे 6500 केल्विनचे पांढरेफटक, आणि सगळे एकाच बटणावर. संध्याकाळी दिवे लावले आणि माझंच तोंड उतरलं. बेसमेंटचं पार्किंग असतं ना, तसं. भिंती प्रकाश गिळत होत्या, फरशी तो परत डोळ्यांत मारत होती, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या. घरच्यांनी 8 महिने काढले आणि मग सगळं पांढरं करून घेतलं. त्या रंगकामाचे अर्धे पैसे मी दिले. चूक रंगाची नव्हती, पण शिक्षा रंगाला झाली.

असं का होतं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 85 टक्के परत फेकते. बाटलीहिरवा किंवा कोळशी रंग जेमतेम 5 ते 10 टक्के. पांढऱ्या खोलीत दिवा कुठेही लावा, प्रकाश भिंतीवरून छतावर, छतावरून फरशीवर उसळत राहतो आणि कोपरान् कोपरा उजळतो. म्हणून आपल्याकडे एका ट्यूबलाईटवर आख्खा हॉल चालतो. गडद खोलीत प्रकाश पहिल्याच धडकेत संपतो. तिथे दिवा जिथे पडेल तेवढंच दिसणार. मग दिवे वाढवत जाणं हा उपाय राहत नाही. प्रत्येक दिवा कशावर पडणार, ते आधी ठरवावं लागतं.

आईंनी पांडवलेणी टोमणा म्हणून काढली असेल, पण बरोबर काढली. डोंगरात कोरलेली ही जुनी बौद्ध लेणी तुमच्या घरापासून जवळच आहेत, एखाद्या सकाळी दोघं जाऊन या आणि 18 नंबरच्या लेण्यात जाऊन उभे राहा. ते तिथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. कातळ काळा, दोन्ही बाजूंना खांब, दाराच्या वर कमानीची मोठी खिडकी. उजेड आत येतो तो मुख्यतः तिथून, आणि थेट समोरच्या टोकाला असलेल्या स्तूपाकडे जातो. बाजूचे कोपरे अंधारात, तरी घाबरल्यासारखं होत नाही, कारण नजरेला कुठे जाऊन थांबायचं ते लगेच कळतं. मग शेजारच्याच, नुसत्या खोल्या असलेल्या एखाद्या विहारात शिरा. तोच कातळ, पण तिथे थोड्या वेळाने बाहेर यावंसं वाटतं. तुमचा हॉल यांतला कुठला होणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता तुमच्या 11 बाय 17 मध्ये मी काय करीन ते सांगते.

छतातले दिवे 4, फार तर 5. तेही समान अंतरावर रांगेत नाहीत. एक सेंटर टेबलावर, एक जेवणाच्या टेबलावर खाली लोंबणारा, दोन 17 फुटी भिंतीजवळ, भिंतीपासून फूटभर आत, म्हणजे प्रकाश भिंतीवरून घसरत खाली येईल आणि हिरवा हिरवा दिसेल. भिंतीवर उजेडच पडला नाही तर रात्री सगळे गडद रंग सारखेच काळे दिसतात, मग शेडकार्ड घेऊन आठवडाभर भांडलात कशाला?

उरलेला उजेड डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याखाली. सोफ्याच्या एका बाजूला टेबललॅम्प, दुसऱ्या कोपऱ्यात उभा दिवा, टीव्हीच्या भिंतीवर एखादा वॉललाइट. जुन्या वाड्याच्या माजघरात समई पाटाशेजारी असायची, दिवळीतला दिवा छातीच्या उंचीवर. चेहरे खालून-बाजूने उजळायचे, आणि कडीपाटाचं छत वर अंधारात विरघळून जायचं. तिथे कुणाला कोंदट वाटायचं नाही असं मी म्हणणार नाही, धुराने वाटायचंच. पण चेहरे देखणे दिसायचे. माझ्या आजीच्या घरी लाइट गेले की सगळे जास्त प्रेमळ दिसायला लागायचे, हे मला लहानपणीच कळलं होतं. कारण नंतर कळलं.

बल्ब सगळे 2700 किंवा 3000 केल्विन; हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा. एकाच खोलीत दोन्ही मिसळू नका. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेलं घ्या. स्वस्त बल्बमध्ये हा आकडा 80 च्या आसपास असतो आणि त्याखाली हिरवा मळकट, लाकूड राखाडी आणि पोळी शिळी दिसते. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावायचा असेल तर बल्बही ‘डिमेबल’ लिहिलेलाच हवा, नाहीतर लुकलुक सुरू होते. आणि वायरमन म्हणेल पंख्याचा रेग्युलेटर लावू, त्याला हात जोडा. डिमर बजेटमध्ये बसत नसेल तर साधा मार्ग: तीन वेगळी बटणं. एकावर छतातले, एकावर भिंतीवरचे, एकावर लॅम्प. रोज संध्याकाळी तिसरं, पाहुणे आले की दुसरं आणि तिसरं, आणि सोन्याची कुडी कोचाखाली पडली की तिन्ही.

यासाठी सोफ्यामागे दोन्ही बाजूंना प्लग लागतील. बिल्डरने टीव्हीजवळ तीन आणि सोफ्यामागे शून्य दिले असणार, सगळीकडे तसंच असतं. भिंत खोदून पाइप आत्ताच टाका. रंग झाल्यावर गडद भिंतीवर पांढरी पट्टी चिकटवून वायर नेलेली मी पाहिली आहे, एका डॉक्टरांच्या घरी. त्या पट्टीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

फॉल्स सीलिंग? तुमच्या प्रश्नात ‘पीओपी करणारच आहोत’ असं सहज लिहिलंय. जरा थांबा. साडेनऊ फुटांच्या छतातले सहा इंच आधीच जातात. शिवाय कडेने कोव्ह लाइट (खाचेत लपवलेली दिव्यांची पट्टी) फिरवला की छत झगझगीत होतं आणि तुम्ही भिंतींवर केलेली सगळी मेहनत तिथून पुसली जाते. वर उजेड, खाली अंधार, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर असतं तसं. तुळया लपवायच्या असतील तर साधं सपाट करा, बिनकोव्हचं. आणि छत शुभ्र पांढरं नको. भिंतीच्याच रंगाची बरीच फिकी छटा, किंवा मळकट पांढरा. भिंत आणि छत यांच्यामध्ये करकरीत रेघ दिसली की नजर तिथे अडकते आणि खोली बुटकी वाटते. छतही भिंतीइतकंच गडद करायचं का, हे मात्र उंचीवर आणि तुमच्या हिमतीवर आहे. बेडरूममध्ये मी बिनधास्त करते, हॉलमध्ये पाच घरांपैकी एखाद्याच घरी.

फरशी. इथे माझं मत ठाम आहे आणि लोकांना आवडत नाही. हस्तिदंती चकचकीत फरशीवर गडद भिंती म्हणजे काळ्या कोटाखाली पांढरे बूट. छतातला प्रत्येक दिवा तिच्यात पुन्हा दिसतो, आणि दुपारी गॅलरीतून येणारं ऊन तिच्यावर आपटून छतावर जातं. फरशी उखडायला मी सांगणार नाही. राहत्या घरात तो धुरळा आणि खर्च कुणालाच नको. पण बैठकीखाली मोठा, बिनचमकीचा, तपकिरी किंवा विटकरी गालिचा टाका. मोठा म्हणजे सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत, तुमच्या हॉलला 6 बाय 9 फूट तरी. मधोमध टाकलेला तीन बाय पाचचा तुकडा पायपुसण्यासारखा दिसतो. गालिच्याच्या खाली मात्र घसरू नये अशी जाळी घाला, आई घरात आहेत.

आता रंग. पश्चिमेचं ऊन तुमच्या बाजूने आहे. दुपारी चारनंतर ते पिवळं-केशरी होत जातं आणि हिरव्याला ऊब देतं. सकाळी मात्र तोच हॉल सावलीत असतो आणि आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यामुळे निळ्याकडे झुकणारा हिरवा घेतलात तर सकाळी चहाच्या वेळी खोली गारठलेली वाटेल, जुलै-ऑगस्टमध्ये तर दिवसभर. पिवळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकणारा घ्या. शेवाळी म्हणा, किंवा जुन्या वाड्यांच्या दारांना असायचा तसला हिरवा म्हणा. उत्तरेची खिडकी असती तर हिरव्याऐवजी तांबूस तपकिरी सुचवला असता.

शेडकार्डावरच्या दोन इंची चौकोनावरून ठरवू नका. छोटी डबी आणा, दोन फुटी पुठ्ठ्यावर कडेपर्यंत दोन हात मारा. पांढरी कड ठेवली की रंग आहे त्याहून गडद दिसतो आणि माणूस घाबरून एक छटा फिका घेतो. हा पुठ्ठा गॅलरीजवळ, मग आतल्या कोपऱ्यात, मग दाराशी उभा करा. सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री नऊला बघा, रात्री तुम्ही लावणार असाल त्याच बल्बखाली. पुठ्ठ्यासमोर घरातलं पितळेचं घंगाळ किंवा तांब्याचा हंडा ठेवा. नसेल तर भांडी बाजारात चक्कर मारा, आपल्या शहराची ती जुनी मिरासच आहे. गडद हिरव्यापुढे पितळेवर एक छोटा दिवा पडला की भांड्याच्या काठावर एक बारीक सोनेरी रेघ उमटते आणि पोटावर सगळी खोली उलटी होऊन दिसते. पांढऱ्या भिंतीपुढे तेच घंगाळ नुसतं घंगाळ असतं. घरात येवल्याची गडद पैठणी असेल तर तिचा काठ दिव्याखाली धरून बघा, म्हणजे गडद रंगावर जरीचे धागे किती उठून दिसतात ते कळेल.

पेंटरचा ‘एकच भिंत’ हा सल्ला घेऊ नका. त्याचा हेतू वाईट नाही. गडद रंगाला तिसरा हात लागतो आणि काम वाढतं, त्याचंही पोट आहे. पण तीन ऑफव्हाइट भिंतींमध्ये एक बाटलीहिरवी भिंत म्हणजे तिथे कुणीतरी पडदा लावून ठेवल्यासारखं दिसतं, आणि खोलीला तो ठेहराव येत नाही. धीर होत नसेल तर हॉल दोन भागांत तोडा: बैठकीच्या तिन्ही बाजू गडद, आणि दाराजवळचा भाग फिका. आतल्या दारांच्या चौकटी आणि स्कर्टिंग भिंतीच्याच रंगात.

कामाबद्दल थोडं, कारण गडद रंग कारागिराची एकही चूक पोटात घालत नाही. लांबी नीट घासली नसेल तर वॉललाइटच्या तिरक्या उजेडात भिंतीवर पोळीचे फुगे दिसतात. पेंटरला सांगा, घासल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मार आणि बघ. प्रायमर पांढरा न ठेवता करड्या रंगात कालवून मारायला लावा, म्हणजे रंगाचा हात वाचतो आणि टवका उडाला तरी आतून पांढरा दात दिसत नाही. फिनिश मॅट घ्या, पण धुता येणारं. साधं मॅट गडद रंगात घेतलं तर खुर्चीची पाठ घासली तिथे चमक येते, ती पुसून जात नाही, उलट पुसलं की वाढते. सगळा रंग एकाच वेळी, थोडा जास्त मागवा आणि अर्धा लिटर घट्ट झाकून ठेवा. पुन्हा मशीनवर तीच छटा काढली तरी भिंतीवर टचअपचा डाग ओळखू येतो.

आणि ओल. गॅलरीची भिंत पश्चिमेची, आपल्याकडे पाऊस वाऱ्यासोबत तिकडूनच येतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या मानाने नाशिक शहरात पाऊस बराच कमी, पण भिंतीत एक भेग पुरते. फिक्या भिंतीवर लोणा (ओलीमुळे येणारा पांढरा क्षार) आला तर दोन वर्षं कळत नाही. गडद भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यात पांढरा नकाशा उमटतो. माझ्या स्वतःच्या जिन्यातल्या भिंतीवर कोकण किनारपट्टी आहे, हुबेहूब. तेव्हा बाहेरून भेगा बुजवून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग त्या भिंतीला गडद रंग लावा. बाकीच्या तीन आत्ता केल्या तरी चालतील.

खोली गरम होईल का? बाहेरच्या भिंतीला आणि गच्चीला गडद रंग दिलात तर निश्चित होईल. आतल्या रंगाने फरक फारसा जाणवत नाही, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की त्यातलं बहुतेक घरातच मुरतं, भिंत कुठल्याही रंगाची असो. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचं ऊन पार सोफ्यापर्यंत येत असणार. ते गॅलरीतच अडवा, बांबूच्या चिका किंवा बाहेरून पडदा लावून. नुसत्या उष्म्यासाठी नाही. सततच्या उन्हाने गडद रंग उडतो आणि फोटोफ्रेम काढली की मागे मूळ रंगाचा चौकोन दिसतो. गेरू, काव, तपकिरी असे मातीतले रंग उन्हाला जास्त टिकतात.

लहान वाटेल का? दिवसा थोडी वाटेल, हे कबूल. रात्री उलट होतं, कारण कोपरे दिसत नाहीत आणि भिंत नेमकी कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. पण पसारा असेल तर काहीच वाचवू शकत नाही. गडद भिंतीपुढे पांढरा प्लॅस्टिकचा स्टूल, चार्जर, औषधांची पिशवी हे सगळं स्टेजवर उभं असल्यासारखं दिसतं. शिवाय धूळ. तुमच्या भागात बांधकामं चालू आहेत, काळ्या चकचकीत लॅमिनेटचं टीव्ही युनिट केलंत तर दिवसातून दोनदा फडकं मारावं लागेल. फर्निचर मध्यम रंगाचं, रेषा दिसणारं विनीर किंवा खरखरीत पोताचं घ्या. काळे नळ बाथरूममध्ये घालायचे असतील आणि बोअरचं पाणी असेल, तर तो विचार सोडाच. आठवड्यात पांढरे ठिपके.

आता आई. त्यांचं म्हणणं मी सगळ्यात गंभीरपणे घेईन. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत, विशीतल्या माणसाच्या तुलनेत, साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. म्हणजे तुम्हाला जे ‘मूड’ वाटतं, ते 72 व्या वर्षी खरोखर अंधार असू शकतं. त्यात पटवण्यासारखं काही नाही, सोय करण्यासारखं आहे. त्या हॉलमध्ये कुठे बसतात, पेपर कुठे वाचतात, भाजी कुठे निवडतात, ते आठवडाभर बघा. त्या जागेला त्यांचा स्वतःचा दिवा द्या: खांद्यामागून येणारा, मान वळवता येणारा, भरपूर उजेडाचा, आणि बटण बसल्या जागी हाताला लागेल असं. त्यांच्या खोलीपासून संडासापर्यंत जमिनीलगत रात्रीचे छोटे दिवे. दाराचा उंबरा आणि गालिच्याची कड फरशीहून वेगळ्या रंगात दिसली पाहिजे. आणि त्यांची खोली त्यांना हवी तशी, पांढरी तर पांढरी.

देवघर ईशान्येला असेल तर तो कोपरा फिका ठेवा. वास्तू मानता की नाही हे मी विचारत नाही, पण नातेवाईक विचारणार आहेत, आणि काळ्यापेक्षा हिरव्याला विरोध नेहमीच कमी होतो. शिवाय गडद हॉलच्या टोकाला उजळ देवघर म्हणजे तुमच्या 18 नंबरच्या लेण्यातला स्तूप झाला की.

तर क्रम असा धरा: वायरमन, मग ओल आणि लांबी, मग करडा प्रायमर, मग पुठ्ठ्यावरचा रंग, मग पेंटर, आणि गालिचा-पडदे शेवटी. खर्च कुठे कापायचा असेल तर फॉल्स सीलिंग कापा, दिवे कापू नका.

आणि या शनिवारी एक करा. संध्याकाळी सातला हॉलमधली ट्यूबलाईट बंद करा. शेजाऱ्यांकडून एखादा टेबललॅम्प मागून आणा, तुमचा एक, दोन्हींत पिवळा बल्ब. एक आईंच्या खुर्चीजवळ, एक सोफ्याच्या टोकाला, दोन्ही जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. सोफ्यामागच्या भिंतीवर घरातली सगळ्यात गडद चादर टांगा. जेवण तिथेच करा, टीव्ही न लावता. नऊ वाजेपर्यंत आई आपणहून उठून ट्यूबलाईट लावायला गेल्या, तर कुठे बसल्या होत्या आणि काय शोधत होत्या ते मला कळवा. पुढचा दिवा तिथे लावू.